बोअर या आठवड्यात बुजवा, विहिरीला कठडा बांधा

पत्र :

नमस्कार. आम्ही मोर्शी तालुक्यातले. चार एकर संत्रा, बाकी वावरात तूर आणि पऱ्हाटी. बागेत तीन बोअर मेलेले आहेत. एक तीनशे फुटांचा, एक साडेपाचशेचा आणि शेवटचा सातशेचा. दोघांचं केसिंग दिरांनी काढून नेलं, त्यांच्या नव्या बोअरला कामी आलं. आता तोंडावर गोणपाट टाकून वर गोटा ठेवला आहे. वावराच्या कडेला, पांदणीला लागून, सासऱ्यांच्या काळातली विहीर आहे. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल, कठडा नाही. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत पाणी असते, मग आटते. त्याच पांदणीनं लेकरं शाळेत जातात, गुराखी बकऱ्या नेतात. मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांची बकरी पडून मेली.

मालक वारले, वावर मी आणि सालदार पाहतो. विहिरीत दिरांचा अर्धा हिस्सा आहे. त्यांच्या मुलानं मोबाइलवर वाचलं की पडीक विहिरी बंद करायला सरकार पैसे देते. दीर म्हणतात, घाई करू नको, फॉर्म निघू दे. दुसरं म्हणतात की विहीर बुजवली असं लिहून सातबाऱ्यावरची नोंद काढू आणि रोजगार हमीतून पाच लाखांच्या नव्या विहिरीचा अर्ज करू. माझा जीव मात्र रोज त्या बोअरमध्ये अडकलेला असतो. कोणत्या ऑफिसात जाऊ? कोणता फॉर्म भरू?

– एक शेतकरी भगिनी, मोर्शी तालुका

उत्तर :

ताई, फॉर्मचं नंतर पाहू. आधी सालदाराला सांगून ती तीन गोणपाटं आजच काढायला लावा. उघडं भोक निदान डोळ्यांना दिसतं. गोणपाट टाकलं की त्यावर पाचोळा बसतो, पावसाची माती बसते, आणि महिन्याभरात ती जागा बागेतल्या इतर जागेसारखीच दिसू लागते. बकरी त्यावरून जाते, तिच्यामागं लेकरू जातं. बुजवेपर्यंत प्रत्येक तोंडावर जाड लोखंडी पत्रा किंवा मोठी फरशी ठेवा. दोन माणसांशिवाय हलणार नाही एवढी जड हवी. भोवती बाभळीचे काटे लावा आणि एक लाल कापड बांधा.

आता तुमच्या पुतण्याचं. त्यानं वाचलं ते खोटं नसावं, पण ते आपल्याकडचं नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात 1987 साली भूजल संरक्षणाचा कायदा झाला. तेव्हापासून तिथल्या काउंट्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखे घटक, राज्याकडून अनुदान घेतात आणि खासगी मालकाला पडीक विहीर बुजवण्याच्या खर्चात हातभार लावतात. तिथली खेड्यातली माणसं आपापल्या बोअरचं पाणी पितात. एक उघडं भोक राहिलं तर शेतातलं खत आणि फवारणीचं पाणी थेट खाली, शेजाऱ्याच्या नळात. सरकार पैसा देतं ते पाणी वाचवायला. लेकरू पडू नये हा हेतू त्यात दुसऱ्या नंबरचा आहे.

आपल्याकडे विहीर खोदायला पैसा आहे, दुरुस्तीला आहे, पुनर्भरणाला आहे. खासगी वावरातला मेलेला बोअर बुजवला म्हणून मालकाच्या खात्यात रक्कम टाकणारी योजना नाही. दीर ज्या फॉर्मची वाट पाहत आहेत तो निघायचा नाही. कायदा उलट आहे. उघड्या बोअरमध्ये मुलं पडून मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 11 फेब्रुवारी 2010 रोजी आदेश दिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यात सुधारणा केली. त्यानुसार बोअर मारण्याच्या पंधरा दिवस आधी लेखी कळवणं, मालकाच्या आणि मशीनवाल्याच्या नावाचा फलक लावणं, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधणं, तोंडावर लोखंडी प्लेट वेल्ड करणं किंवा नट-बोल्टचं झाकण बसवणं, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून टाकणं, हे सगळं बंधनकारक आहे. खेड्यात यावर लक्ष ठेवायचं काम सरपंच आणि कृषी खात्याकडे दिलं आहे, वरून जिल्हाधिकारी. ओट्याचं माप सुद्धा आदेशात लिहिलं आहे : अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, तीस सेंटिमीटर जमिनीत आणि तीस वर. आपल्या भागात असा ओटा किती बोअरना आहे ते पांदणीनं जाताना तुम्हीच पाहा.

बुजवायची जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची. ऐकायला बरं वाटणार नाही, पण खर्च ऐकला तर थोडं हायसं वाटेल.

आपल्याकडचा बोअर साधारण साडेसहा इंचाचा. तीनशे फूट खोल बोअरची पोकळी मोजली तर सत्तर घनफुटांच्या आत येते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि ट्रॅक्टरची एक ट्रॉली धरा साधारण एक ब्रास. तुमचे तिन्ही बोअर मिळून साडेपंधराशे फूट होतात. त्या सगळ्यांना साडेतीन-पावणेचार ब्रास माल लागेल, म्हणजे चार ट्रॉल्या. एखाद्याची बाजू ढासळलेली असेल तर थोडं कमी-जास्त. चार ट्रॉल्या मुरूम-गिट्टी आणि दोन माणसांची मजुरी, एवढ्यासाठी कुठल्या योजनेची वाट पाहायची? तुमच्या दिरांनी त्या बोअरमधून काढून नेलेल्या केसिंगची किंमतच याहून जास्त असेल. हे त्यांना माझ्या नावानं सांगा. केसिंग ज्यानं नेलं त्यानं निदान मुरमाच्या ट्रॉल्यांचं भाडं द्यावं, असं मला वाटतं.

केसिंग काढण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्या दगडात केसिंग फक्त वरच्या माती-मुरमाच्या थरापुरतं असतं. खाली काळा पाषाण लागला की बोअर उघडाच उतरतो. म्हणजे केसिंगनं धरून ठेवलेला भाग नेमका तोच असतो जो ढासळतो. ते उपसून काढलं की साडेसहा इंचाचं तोंड दोन पावसाळ्यांत फूट-दीड फुटाचं होतं, वर रुंद आणि खाली निमुळतं. मोठं माणूस त्यात अडकणार नाही, चार वर्षांचं लेकरू सरळ खाली जाईल. तुमच्या दोन बोअरचं हेच झालेलं असणार, म्हणून आधी ते दोन घ्या, केसिंगवाला शेवटी.

बुजवायची पद्धत अशी. मोटर, पाइप, केबल आत असेल तर काढून घ्या. अडकलेली मोटर निघत नसेल तर राहू द्या, तिच्यामागं मशीन बोलावून पैसे घालवू नका. वीज जोडणी असेल तर आधी ती बंद करवा. माल म्हणजे एक-दीड इंचाच्या आतली गिट्टी आणि मुरूम. बोअर मारताना निघालेली भुकटी बागेत पडलेली असेल तर ती सगळ्यात उत्तम आणि फुकट. मोठे गोटे टाकू नका. ते मध्येच आडवे अडकतात, वरून बोअर भरल्यासारखा दिसतो आणि खाली दोनशे फूट पोकळी राहते. मग एखाद्या आगोठीला तो सगळा माल एकदम खाली बसतो. ट्रॉली तोंडाशी लावून ओतायची नाही, फावड्यानं थोडं थोडं सोडायचं. मधूनमधून दोरीला वजन बांधून खोली मोजा. जेवढा माल गेला तेवढी खोली कमी होत नसेल तर कुठंतरी अडकलंय, थोडं पाणी सोडून मोकळं होऊ द्या.

वरचे दहा-बारा फूट राहिले की मुरूम थांबवा आणि काळी माती ठोकून भरा. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही, या कामाला तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, म्हणून अगदी वर दोन फूट काँक्रीट. ढासळलेलं तोंड असेल तर भोवती दोन-तीन फूट खणून सैल माती काढा, मगच काँक्रीट टाका. वर थोडा उंचवटा ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर जाऊन पाहा, खड्डा पडला असेल तर पुन्हा भरा. एक मात्र कटाक्षानं पाळा : त्यात कचरा, फवारणीचे रिकामे डबे, मेलेलं ढोर, गोठ्यातला घाण माल असलं काही जाता कामा नये. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात पाण्यात नायट्रेट जास्त सापडणाऱ्या जिल्ह्यांत वर्धा, बुलडाणा आणि आपला अमरावती ही नावं आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट चालत नाही. आपण खाली जे टाकतो ते गावच्या हातपंपातून परत येतं.

कोणी तुम्हाला सुचवेल की बोअर बुजवता कशाला, त्यात पावसाचं पाणी सोडा, पुनर्भरण होईल. कल्पना वाईट नाही, सरकारच्या जलशक्ती अभियानातही बोअर पुनर्भरणावर भर आहे. पण तुमच्या बागेत नको. केसिंग नसलेला बोअर गाळानं चार पावसांत भरतो, आणि संत्र्याच्या बागेतून वाहणारं पाणी फवारणीचं असतं. ते खोल दगडात सोडायला मी तरी कोणाला सांगणार नाही.

बुजवताना आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो काढा. मग ग्रामपंचायतीला आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयाला एकेक अर्ज द्या : अमुक गटातले तीन निकामी बोअर अमुक तारखेला तळापासून बुजवले, पाहणी करून दाखला द्यावा. न्यायालयाच्या आदेशात असा दाखला घेण्याची तरतूद आहे. दाखला यायला वेळ लागेल, पण पोच आजची आज मिळते आणि उद्या काही वाद उठला तर तीच कामी येते.

आता विहीर. तिचा हिशेब अगदी वेगळा आहे. वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल विहिरीची पोकळी साडेबारा हजार घनफूट भरते, म्हणजे सव्वाशे ब्रास. सव्वाशे ट्रॉल्या! एवढा मुरूम आणणार कुठून, आणि तो काढायला तहसीलची परवानगी, रॉयल्टी. शिवाय बुजवावी अशी ही विहीरच नाही. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत पाणी धरणारी विहीर मेलेली नसते. मोर्शी-वरुडचा पट्टा भूजलाच्या नोंदीत अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जाणारा, गणला जातो. सातशे फुटांवर जिथं बोअर कोरडा निघाला तिथं चाळीस फुटांवर चार-पाच महिने पाणी दिसतं, कारण ती वरच्या मुरमातलं पावसाचं पाणी साठवते. संत्र्याच्या आंबिया बहाराला उन्हाळ्यात ती पुरणार नाही हे खरं, पण तुरीला एक पाणी आणि बागेला पावसाळ्यातल्या खंडात आधार देते. तुमचा प्रश्न विहीर असण्याचा नाही, तिला काठ नसण्याचा आहे.

म्हणून कठडा. तीन-चार फूट उंच, दगडाचा किंवा आरसीसीचा. पण काठावर उभा करू नका. वरचा थर काळ्या मातीचा असेल तर काठ दरवर्षी थोडा थोडा आत ढासळतो आणि कठडाही घेऊन जातो. पक्का मुरूम लागेल तिथपर्यंत पाया न्या, नाहीतर कडेपासून चार-पाच फूट सोडून बांधा. तुमच्या विहिरीचा वरचा भाग दगडानं बांधून काढलेला आहे की कच्चा, हे पत्रात नाही. कच्चा असेल तर गवंड्याला आधी दाखवा. तोपर्यंत पांदणीच्या बाजूनं काडी-तारेचं कुंपण घाला, कडेपासून सहा फूट दूर. रोही आणि डुकरं रात्री धावतात, त्यांनाही ते थोडं अडवेल.

कठड्याला संमती कोणाची? विहिरीत अर्धा हिस्सा दिरांचा आहे, म्हणून ती बुजवायची झाली असती तर त्यांची लेखी संमती लागलीच असती. कठड्यानं कोणाचा हिस्सा कमी होत नाही, कोणाचं पाणी अडत नाही. तरी एक साधं पत्र त्यांना द्या आणि खर्च अर्धा-अर्धा मागा. नाही म्हणाले तर दुसरा रस्ता आहे, पण तो दुधारी आहे हे आधी समजून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली, सार्वजनिक वाटेला लागून असलेल्या विहिरीपासून लोकांना धोका असेल तर तिला कुंपण घालण्याचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 133 होतं. पांदण ही सार्वजनिक वाट आहे. ग्रामपंचायतीनं किंवा कोणाही गावकऱ्यानं अर्ज केला तर आदेश निघू शकतो, पण तो दोन्ही हिस्सेदारांवर निघेल, तुमच्यावरही. दिरांना हे नुसतं ऐकवलं तरी पुष्कळदा काम भागतं. त्यासोबत हेही ऐकवा की निष्काळजीपणामुळं कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पोलीस सातबारा पाहूनच घरी येतात.

पैशाचं मात्र इथं थोडं बरं आहे. तुमच्याकडे अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध असल्याचा दाखला असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, आणि अनुसूचित जमातीचा असेल तर बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना, या दोन्हींत नव्या विहिरीसोबत 'जुनी विहीर दुरुस्ती' असा घटक आहे. आधी त्याला 50 हजार मिळत होते, 2024 मध्ये ते एक लाखापर्यंत वाढवले. काम जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाचं, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, आणि पंचायत समितीतले कृषी अधिकारी मार्गदर्शन करतात. कठडा आणि वरचं बांधकाम दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात धरून घ्या, काम सुरू होण्याआधी. नंतर सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

दाखला नसेल तर रोजगार हमीतून 'विहीर पुनर्भरण' हे काम पाहा. शेतातलं वाहतं पाणी आधी एका खड्ड्यात गाळ बसायला थांबवायचं, मग गोटे, गिट्टी आणि वाळूच्या थरांतून गाळून विहिरीत सोडायचं. पाणी बागेच्या बाजूचं न घेता तूर-पऱ्हाटीच्या बाजूचं घ्या, तिथं फवारणी नुकतीच झालेली असेल तर पहिले दोन पाऊस बाहेर जाऊ द्या. यातून कठड्याचे पैसे सुटतील असं नाही. पण विहिरीवर सरकारी काम आलं की मोजमापाला माणसं येतात, फोटो निघतात, आणि बिनकठड्याची विहीर कागदावर दिसू लागते.

तिसरी जागा ग्रामपंचायत. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग विशिष्ट कामांना बांधलेला असतो आणि काही भाग गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो. गावच्या मालकीच्या जुन्या विहिरी, म्हणजे चावडीजवळची, शाळेमागची, नळ योजना आल्यावर कोणी न वापरणारी, त्यांना जाळी किंवा कठडा बसवायचा असेल तर पैसा इथून येऊ शकतो, पण ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात लिहिलेलं असलं पाहिजे आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. खासगी विहिरीवर हा पैसा टाकायला ग्रामसेवक कचरतील, आणि त्यांचं चुकत नाही. मात्र पांदणीच्या कडेला संरक्षक भिंत हे वाटेचं काम म्हणून मांडता येतं. विहीर तुमची असली तरी वाट गावाची आहे. असं मांडा :

'गट क्रमांक अमुक लगतच्या पांदण रस्त्याने शाळकरी मुले व गुरे ये-जा करतात. रस्त्याच्या कडेस सुमारे 40 फूट खोल विहीर असून कठडा नाही. मागील पावसाळ्यात त्यात शेळी पडून मृत्यू पावली. सदर रस्त्याच्या बाजूस संरक्षक कठड्याचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करावे. विहिरीच्या मालक म्हणून आमची हरकत नाही.'

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं आहे. मालकानं हरकत घेतली की असली कामं जागच्या जागी थांबतात. खाली तुमच्यासोबत ज्यांची लेकरं त्या वाटेनं शाळेत जातात त्यांच्याही सह्या घ्या, आणि अर्ज ग्रामसभेच्या आधी द्या. गाव जंगलाच्या कडेला असेल तर एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्यायलाही हरकत नाही. बिबट-हरणं विहिरीत पडतात म्हणून वन खात्यानं काही ठिकाणी शेतातल्या विहिरींना कठडे बांधून दिले आहेत.

आता दिरांची दुसरी युक्ती. ती करू नका, ताई. रोजगार हमीची सिंचन विहीर 2022 मध्ये चार लाखांची झाली, 2024 मध्ये पाच लाखांची, म्हणून सगळ्यांनाच ती हवी आहे हे मी समजू शकतो. अट आहे की सातबाऱ्यावर आधीची विहीर नसावी, म्हणूनच ही पळवाट सुचते. पण उभी विहीर कागदावर बुजवायची तर तलाठ्याच्या स्थळपाहणीपासून जागेच्या फोटोपर्यंत सगळीकडे खोटं बोलावं लागेल, आणि सह्या तुमच्या असतील कारण वावर तुम्ही पाहता. शिवाय अतिशोषित पट्ट्यात नव्या विहिरीला मंजुरी मिळणं मुळात कठीण. समजा नोंद निघाली आणि नवी विहीर मिळालीच नाही, तर सौर पंपाला अर्ज करताना पाण्याचा स्रोत म्हणून काय दाखवाल? सातबाऱ्यावरची विहिरीची नोंद ही तुमची मिळकत आहे. खरोखर विहीर मेली आणि बुजवली तरच ती काढायची.

तसंच चौथा बोअर. दीर मारून घेतील, तुम्हालाही कोणी पानाड्या नारळ घेऊन जागा दाखवायला येईल. महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा, 1 जून 2014 पासून लागू. साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, आणि त्याहून खोल गेलेली ती कायद्याच्या भाषेत 'खोल विहीर', आणि शेतीसाठी ती खोदण्यावर बंधन आहे. तुमचे तिन्ही बोअर त्या रेषेच्या खाली गेलेले आहेत आणि तिन्ही कोरडे आहेत. याहून वेगळा पुरावा काय हवा? जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं वरिष्ठ भूवैज्ञानिक कार्यालय आहे, विहीर आणखी खोल करावी की आडवे बोअर घ्यावेत हे विचारायचं झालं तर तिथं विचारा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सालदाराला तुम्हीच बजावून सांगा. कठड्याच्या कामासाठी किंवा गाळ काढण्यासाठी उन्हाळ्यात कोणी त्या विहिरीत उतरणार असेल तर आधी पेटता कंदील दोरीनं तळाशी सोडा. विझला तर उतरायचं नाही. आणि न विझला तरी कमरेला दोर बांधल्याशिवाय, वर दोन माणसं उभी असल्याशिवाय उतरायचं नाही, कारण काही विषारी वायूंत कंदील विझत नाही. कोंदट विहिरीत वायू साचतो, प्राणवायू राहत नाही, माणूस हाक मारायच्या आधी बेशुद्ध होतो. एप्रिल 2024 मध्ये नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी शेणाची स्लरी भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं म्हणून एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, असं करत पाच माणसं गेली. तुमच्या विहिरीत पुन्हा बकरी पडली तर सालदार उडी मारायला मागंपुढं पाहणार नाही, मला ठाऊक आहे. त्याला आधीच बजावलेलं असू द्या.

आणि कोणी म्हणेल की काही झालंच तर गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, दोन लाख मिळतात. मिळतात, पण वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण, एवढ्यांनाच, तेही वय 10 ते 75 मध्ये असेल तर. सालदार त्यात नाही, गुराखी नाही, पहिलीतलं लेकरू नाही. त्या पांदणीनं जाणाऱ्यांपैकी बहुतेक कोणीच त्यात बसत नाही.

तर क्रम असा ठेवा : आज पत्रे आणि काटे. या आठवड्यात केसिंग नसलेले दोन बोअर, जमलं तर तिसराही. त्यानंतर विहिरीला तारेचं कुंपण, आणि पुढच्या ग्रामसभेआधी वरचा अर्ज. दिरांना पत्र देताना सोबत हे उत्तरही वाचायला द्या. केसिंगचा हिशेब मी त्यात मुद्दामच लिहिला आहे.